खानदेशातील प्रवास आणि तिथीचे जेवण

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठा व सातमाळ्याच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, अशा चौकटीत बसलेल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्याला खानदेश म्हणतात. १९०६ साली ब्रिटिश प्रशासनाने या एकसंध जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, तर पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि त्यातूनच १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा वेगळा जिल्हा निघाला. समुद्रापासून दूर असलेल्या, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास नेणाऱ्या आणि कापूस, केळी, ज्वारी व कडधान्ये यांवर जगणाऱ्या या मुलखातून जाणारा प्रवासी बहुधा अजिंठ्याला, सुरतेला किंवा इंदूरला निघालेला असतो आणि वाटेत जेवायला कुठे थांबावे एवढाच त्याचा खानदेशाशी संबंध येतो. या प्रश्नाचे उत्तर ठिकाणाच्या नावाने देता येईल, अशी त्याची अपेक्षा असते. परंतु खानदेशातील जेवण ठिकाणाला जितके बांधलेले आहे त्याहून अधिक ते महिन्याला, बाजाराच्या वाराला आणि तिथीला बांधलेले आहे. म्हणून कुठे जेवावे हे सांगण्याआधी प्रवासी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या दिवशी निघाला आहे हे विचारणे भाग पडते.

तालुक्याच्या गावात बसस्थानकाजवळ जी मोठ्या पाटीची हॉटेले असतात, त्यांचा विचार येथे थोडक्यात उरकता येतो. पनीरच्या चार-पाच भाज्या, तंदुरी रोटी, इडली-डोसा आणि चिनी पद्धतीच्या शेवया हे त्यांचे पदार्थ महाराष्ट्रातील कोणत्याही गावात मिळतात, आणि त्यात हॉटेलवाल्याचा दोष मानण्याचे कारण नाही. बाराही महिने एकसारखा मिळणारा माल आणि कोणत्याही आचाऱ्याला येणारी कृती यांवरच असा धंदा उभा राहू शकतो. खानदेशी स्वयंपाकाचे स्वरूप नेमके याच्या उलट आहे. त्यातील बरेचसे उत्तम पदार्थ एखाद्याच हंगामात होतात, पंगतीसाठी म्हणजे एका वेळी शेकडो माणसांसाठी होतात, आणि त्यांना लागणारे हातकसब घरच्या बायकांकडे किंवा गावच्या ठरावीक आचाऱ्यांकडे असते.

या नियमाला एकच ठळक अपवाद आहे आणि तो म्हणजे रस्त्यावरचा ढाबा व तेथील शेवभाजी. सुरतेहून धुळे, जळगाव, भुसावळ करीत नागपूरकडे जाणारा महामार्ग आणि मुंबईहून धुळे, शिरपूर करीत आग्र्याकडे जाणारा महामार्ग हे दोन मोठे रस्ते धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात, त्यामुळे मालवाहू गाड्यांची वर्दळ येथे रात्रंदिवस असते. ढाबा ही संस्था उत्तरेकडची, पंजाबी वाहनचालकांबरोबर खाली आलेली; बाज, खुली जागा, तंदूर आणि डाळ ही तिची मूळची लक्षणे. खानदेशात आल्यावर मात्र तिच्या मध्यभागी एक स्थानिक पदार्थ येऊन बसला. शेवभाजी म्हणजे बेसनाची जाड, तिखट शेव काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात घालून केलेली भाजी. काळा मसाला म्हणजे कांदा आणि सुके खोबरे चांगले काळपट होईपर्यंत भाजून, धने, दगडफूल, मिरी, लवंग अशा खड्या मसाल्यांसह वाटलेले वाटण. त्याच्यामुळे रश्श्याला गडद रंग आणि धुरकट चव येते, आणि वर तेलाचा जो लाल थर तरंगतो त्याला तर्री म्हणतात.

या पदार्थाचा उगम कोणत्या एका गावी झाला हे शोधण्यापेक्षा तो येथेच का रुजला याचा विचार अधिक फलदायी आहे. उन्हाळ्यातील तीन-चार महिने हिरव्या भाजीचा दुष्काळ असलेल्या प्रदेशात बेसन आणि त्यापासून केलेले टिकाऊ पदार्थ हाच स्वयंपाकाचा आधार असतो. बेसन शिजवून थापलेल्या वड्या रश्श्यात सोडलेली पाटोडीची भाजी किंवा उकळत्या आमटीत बेसनाचे गोळे सोडून केलेले डुबुकवडे हे घरगुती पदार्थ त्याच गरजेतून आलेले दिसतात. शेव तर तळून ठेवली की आठवडेच्या आठवडे टिकते. रात्री दोन वाजता गाडी थांबली तरी रस्सा गरम करून त्यात शेव टाकली की भाजी तयार होते. शेजारच्या गुजरातेतही शेव आणि टोमॅटो यांची भाजी होते, परंतु ती आंबटगोड असते, आणि नवापूर ओलांडून धुळ्याच्या दिशेने येताना ही गोडी मागे पडून काळ्या मसाल्याचा तिखटपणा पुढे येतो, हा बदल लक्षपूर्वक जेवणाऱ्याला सहज जाणवतो. तेलाच्या बाबतीतही प्रदेशाचा इतिहास ताटात उतरलेला आहे. भुईमूग हे येथील जुने पीक, आणि त्याच्याच आधारावर १९४५ साली अमळनेर येथे वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. आज विप्रो या नावाने जगभर परिचित असलेल्या उद्योगाची ती सुरुवात होती.

चांगला ढाबा ओळखण्याची खूण शेवेत आहे. शेव ताटात वाढण्याच्या क्षणी रश्श्यात पडली पाहिजे. ती आधीच घालून ठेवली तर विरघळून भाजीची लापशी होते. ज्या ढाब्यावर रस्सा आणि शेव वेगवेगळी आणून समोर ठेवतात किंवा मागणी केल्यावरच दोन्ही एकत्र करतात, तेथे निश्चिंतपणे बसावे. सोबत ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी मागावी. मात्र भाकरी थापणारी बाई ठरावीक वेळीच येत असल्यामुळे दुपारी तीननंतर आणि संध्याकाळी सातच्या आधी बहुतेक ठिकाणी रोटीच मिळते. तिखटाची सवय नसलेल्याने तर्री कमी घालण्यास सांगितले तर कोणी वावगे मानत नाही. कुटुंबासह प्रवास करणाऱ्यांना एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, ती अशी की महामार्गावरील काही ढाब्यांचा रात्रीचा मुख्य धंदा मद्याचा असतो आणि तेथे बायकामुलांना अवघडल्यासारखे होते; म्हणून ज्या आवारात कुटुंबे जेवत बसलेली दिसतात, तेथेच थांबणे श्रेयस्कर.

शेवभाजी वर्षभर मिळते, परंतु खानदेशाच्या स्वयंपाकाचा सर्वोच्च आविष्कार ती नव्हे. तो मान वांग्याच्या भरताचा आहे, आणि भरीत खाण्यासाठी प्रवाशाने हिवाळ्यातच यावे. जळगाव जिल्ह्यात, विशेषतः आसोदे, बामणोद या गावांच्या परिसरात, फिकट हिरव्या रंगाची, पातळ सालीची, कमी बियांची आणि हाताच्या पंजात न मावणारी भरताची वांगी पिकतात. या वाणाला २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव त्या प्रदेशातील उत्पादनापुरते कायद्याने राखीव झाले. आसोदे हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर म्हणून मराठी वाचकाला ठाऊक आहे. खानदेशातल्या माणसाला ते वांग्यांसाठीही तितकेच ठाऊक असते. चातुर्मासात अनेक घरांत वांगे वर्ज्य असते आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा ताटात येते. ही रीत साऱ्या महाराष्ट्राची आहे, परंतु खानदेशात ती शेतीच्या वेळापत्रकाशी अचूक जुळते, कारण थंडी पडू लागली की वांग्याला चव चढते आणि त्याच सुमारास त्याला भाजण्याचे इंधनही शेतात तयार होते.

हे इंधन म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्या. त्यांचा जाळ झटकन पेटतो, ज्वाला मोठी असते आणि धूर वांग्याच्या गरात मुरतो. गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याला ही चव येत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते भरताच्या गुणाचा अर्धा वाटा वाणाचा असेल तर उरलेला अर्धा या जाळाचाच आहे. भाजलेली वांगी सोलून खोलगट लाकडी भांड्यात लाकडी मुसळीने ठेचतात, कारण धातूच्या भांड्यात ठेचल्याने गर काळा पडतो अशी जाणत्यांची समजूत आहे. मग तेलात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप आणि भरपूर कांद्याची पात परतून त्यात हा गर मिसळतात. टोमॅटोला येथे स्थान नाही, आणि लाल तिखटालाही नाही. हिरवी मिरची, कांद्याची पात आणि धूर या तीन चवींवरच पदार्थ तोललेला असतो. कच्चे भरीत म्हणून जो प्रकार आहे त्यात ही सामग्री न परतता ठेचलेल्या गरात तशीच कालवतात; त्याची चव अधिक उग्र असते आणि ज्याला वांग्याची खरी पारख करायची आहे त्याने तोच मागावा.

हे भरीत मिळण्याची ठिकाणे तीन प्रकारची आहेत. जळगाव शहरात केवळ भरीत करून विकणारी दुकाने आहेत, त्यांना भरीत सेंटर म्हणतात. तेथे ते किलोच्या हिशेबाने मिळते, हिवाळ्यात ती गजबजलेली असतात आणि पुण्या-मुंबईकडे जाणारे प्रवासी डबे भरून नेतात. दुसरे ठिकाण म्हणजे जळगाव, भुसावळ, यावल या भागातील रस्त्याकडेची हंगामी जेवणघरे. पत्र्याच्या किंवा पाचटाच्या छपराखाली चालणारी ही जेवणघरे फाल्गुनाच्या आसपास बंद होतात आणि पुढच्या थंडीतच पुन्हा उघडतात. तिसरे ठिकाण विकत मिळण्यासारखे नाही, कारण ते म्हणजे शेत. थंडीच्या दिवसांत मित्रमंडळी, भाऊबंद, एखाद्या कचेरीतील सहकारी असे सगळे कोणाच्या तरी मळ्यात जमतात, बांधावरच वांगी भाजतात आणि केळीच्या पानांवर जेवतात. हिला भरीत पार्टी म्हणतात. परक्या माणसाला या पंगतीत बसवून घेण्यात यजमानाला आनंद वाटतो, आणि ज्याची या जिल्ह्यात थोडीशीही ओळख आहे त्याने ते निमंत्रण संकोचाने नाकारू नये, कारण येथील भरताची तुलना दुकानातील भरताशी होऊच शकत नाही.

भरतासोबत पुरी वाढतात किंवा कळण्याची भाकरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून, दळतानाच मीठ घालून केलेले पीठ. त्याची भाकरी करड्या रंगाची, खमंग आणि पोटात बराच वेळ टिकणारी असते. तिच्यावर कच्चे तेल आणि मिरचीचा ठेचा एवढे घेतले तरी शेतकऱ्याचे जेवण पुरे होते. हॉटेलात ती क्वचित मिळते, खानावळीत मात्र विचारल्यास मिळू शकते.

खानावळ ही ढाब्याहून जुनी आणि शांत संस्था आहे. घराच्या ओसरीवर किंवा दोन खोल्यांत चालणारी, नेहमीच्या गिऱ्हाइकांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणारी ही जागा बाहेरून ओळखू येत नाही, आणि पाटी असलीच तर ‘घरगुती जेवण’ एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार, म्हणजे जेथे शेतमालाचा लिलाव होतो ती जागा, आणि जळगावसारख्या डाळीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात डाळ-गिरण्यांचा परिसर, या दोन ठिकाणी खानावळी शोधाव्यात; हमाल, अडते आणि माल घेऊन आलेले शेतकरी ज्या जागी जेवतात तेथे अन्न ताजे असते, कारण रोजच्या गिऱ्हाइकाला शिळे वाढून चालत नाही. दुपारी बारा ते दोन ही तेथील खरी वेळ. संध्याकाळी उशिरा गेले तर अनेकदा खिचडीच मिळते, आणि ती मिळाली याबद्दल प्रवाशाने खंत करू नये. तुरीची डाळ आणि तांदूळ यांची मसालेदार खिचडी, तिच्यावर कच्चे शेंगदाणा तेल, बाजूला भाजलेला उडदाचा पापड आणि कांदा, हे खानदेशातील असंख्य घरांचे रोजचे रात्रीचे जेवण आहे.

आठवडे बाजाराच्या गावी, नेमक्या बाजाराच्या दिवशी पोहोचणे हा आणखी एक मार्ग आहे. तेथे बसून जेवण्याची सोय फारशी नसते. कढईतून काढलेली भजी, कागदात बांधलेला भेळभत्ता, किलोने विकली जाणारी जिलेबी आणि गुळाच्या पाकात घोळलेली गोडी शेव असे तेथील खाण्याचे स्वरूप असते. परंतु ज्या पदार्थांना गावातील माणूस आठवड्यातून एकदाच पैसे मोजतो ते त्याच्या दृष्टीने उत्सवाचे असतात, आणि विकणाराही ते तशाच काळजीने करतो. यात्रांना हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात दिसते. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो, अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते, महाशिवरात्रीला मुक्ताईनगर व तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव येथे वारकरी जमतात. या काळात तेथे शिजणारे अन्न इतर दिवशी त्याच गावी शोधून सापडत नाही.

अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरण्याचा आणि सासुरवाशिणींनी माहेरी येण्याचा हा सण, आणि त्याचे पक्वान्न म्हणजे खापरावरचे मांडे. खापर म्हणजे चुलीवर उपडे ठेवलेले, घुमटाच्या आकाराचे मातीचे भांडे. गव्हाच्या बारीक पिठाची सैलसर, तार सुटेपर्यंत मळलेली कणीक घेऊन तिच्यात पुरण भरतात, आणि मग पोळपाट-लाटणे न वापरता बाई ती दोन्ही हातांवर फिरवीत, कोपरापर्यंत ओघळू देत, हातभर रुंद करते आणि एका झोक्यात खापरावर टाकते. आच कमी पडली तर मांडा चिवट होतो, जास्त झाली तर फाटतो, आणि हात क्षणभर थबकला तर पुरण एका बाजूला सरकते; हे कसब पाहून शिकतात, आणि ज्यांना ते येते अशा बायका आता कमी होत आहेत. वैशाखात आमरसाबरोबर मांडा खाण्याची रीत आहे. जळगाव-धुळ्याकडे मागणीनुसार मांडे करून देणाऱ्या बायका आहेत आणि महिला बचत गटांच्या, म्हणजे एकत्र बचत करून छोटा व्यवसाय चालविणाऱ्या गावपातळीवरील गटांच्या, विक्री प्रदर्शनांत खापर डोळ्यांसमोर पेटलेले पाहता येते. मांड्याची किंमत पुरणपोळीपेक्षा बरीच जास्त सांगितली जाते, आणि ती घासाघीस न करता द्यावी. चुलीच्या धगीपुढे उभे राहून, वैशाखाच्या उन्हात, ही बाई जे करते त्याचे ते मोल तरीही कमीच आहे.

काही अन्न मात्र विकत मिळत नाही, आणि ते मिळत नाही हे प्रवाशाने आदराने स्वीकारले पाहिजे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. या देवीच्या नैवेद्यासाठी दळलेल्या धान्याच्या स्वयंपाकाला रोट म्हणतात आणि तो भाऊबंदकीत, म्हणजे एका कुळाच्या घरांतच, खाल्ला जातो. शेजाऱ्यालाही तो देत नाहीत, मग पाहुण्याचा प्रश्न येत नाही. याच्या नेमकी उलट रीत भंडाऱ्याची असते. भंडारा म्हणजे देवस्थानात किंवा सप्ताहाच्या समाप्तीला सर्वांसाठी घातलेले जेवण. जळगाव जिल्ह्यात त्यासाठी वरण-बट्टी करतात. ओवा, हळद आणि तेल घातलेल्या जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजून किंवा उकडून, मग तुकडे करून तळतात, वर तुरीचे वरण ओततात आणि घोटलेली वांग्याची भाजी वाढतात. माळवा आणि निमाड या शेजारच्या प्रदेशांतील डाळ-बाटीशी तिचे नाते उघड आहे, आणि ते असणे स्वाभाविक आहे, कारण आज मध्य प्रदेशात गेलेले बऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या काळात खानदेशाचेच मुख्य नगर होते. रावेरहून बऱ्हाणपूर जवळ आहे; तेथील खव्याच्या जिलेबीसाठी राज्याची सीमा ओलांडण्यास हरकत नसावी. भंडाऱ्याच्या पंगतीत बसताना कोण, कुठला हे कोणी विचारत नाही, फक्त वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा आणलेल्या बट्टीला लगेच नकार देऊ नये.

भुसावळ, सावदा, रावेर हा केळीचा पट्टा आहे आणि येथील केळीलाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रस्त्याकडेला कढया लावून कच्च्या केळीचे वेफर्स तळणारे विक्रेते या पट्ट्यात भेटतात. चकत्या थेट उकळत्या तेलावर किसल्या जातात. पलीकडे नंदुरबारला, मिरचीच्या हंगामात, शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि त्या मैदानांना पथारी म्हणतात. तेथील जेवणाचा तिखटपणा या शेजारावरून समजून घ्यावा.

नंदुरबारच्या उत्तरेस, धडगाव, मोलगी, तोरणमाळ या सातपुड्यातील भागांत भिल्ल आणि पावरा समाजांची वस्ती आहे, आणि येथे आल्यावर सपाटीवरचे सारे आडाखे बदलावे लागतात. ढाबे नाहीत, खानावळी तुरळक, आणि आठवडे बाजार हेच अन्न व बातमी मिळण्याचे मुख्य ठिकाण. चैत्र-वैशाखात येथील कुटुंबे कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी खडकांवर आणि छपरांवर वाळवून आमचूर करतात. मैदानातील व्यापारी तो घाऊक विकत घेतात आणि दूरच्या शहरांतील मसाल्यांत तो मिसळतो, परंतु ज्या अंगणात तो तयार होतो तेथे येणारा प्रवासी विरळाच. ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, उडदाची डाळ, रानातील हंगामी पालेभाजी आणि मिरचीची चटणी असे जेवण एखाद्या घरी किंवा बाजाराच्या गावातील छोट्या जेवणघरात मिळू शकते, पण त्यासाठी सकाळी पोहोचताच किती माणसे जेवणार हे सांगून ठेवावे लागते. आयत्या वेळी आलेल्यासाठी वेगळे काही शिजवायला ना धान्य जास्तीचे असते, ना सरपण. पैसे आधीच द्यावेत, आणि जेवायला दुपारी एकपर्यंत परतावे, कारण बाजार मोडला की स्वयंपाक करणारी माणसेही आपापल्या पाड्याकडे निघतात.